दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : जवळची वाट आणि लवकरची वाट

खेड्यातील वाटसरूस पुढचे गाव किती दूर आहे असे विचारले, तर तो पुष्कळदा कोस किंवा मैल सांगत नाही. "दोन घटकांची वाट आहे" किंवा "दिवस मावळेतो पोचाल" असे त्याचे उत्तर असते. भूगोलाच्या पुस्तकाची शिस्त निराळी. तेथे अंतर म्हणजे अंतर. ते किलोमीटरांत मोजावयाचे आणि वेगाने भागून वेळ काढावयाचा. शाळेत ही रीत योग्यच आहे. परंतु दोन दूरच्या विमानतळांमधील प्रवासाचा विचार करू लागताच असे दिसून येते की, त्या वाटसरूच्या बोलण्यातही पुष्कळ शहाणपण होते.

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को ही दोन नगरे घेऊ. यांच्या विमानतळांमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरील लघुतम अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर आहे. मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केल्यास पावणेचौदा तास येतात. आता प्रत्यक्षात घडलेली एक गोष्ट पाहा. ऑक्टोबर २०१६ पर्यंत एअर इंडियाचे विमान दिल्लीहून पश्चिमेकडे निघून, युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोस जात असे. ती वाट सुमारे १४,००० किलोमीटरांची होती. त्या महिन्यात कंपनीने विमान उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून पाठविले. ही नवी वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे जुनीहून तेरा-चौदाशे किलोमीटरांनी लांब होती. तरीही विमान सुमारे साडेचौदा तासांत, जुन्या वाटेहून दोन तास लवकर पोचले.

लांबची वाट धरल्याने लवकर पोचणे हे विमान अधिक वेगवान असल्यामुळे घडले नव्हते. दोन्ही वाटांवर एकाच जातीचे, बोइंग ७७७-२००एलआर या नावाचे, दोन एंजिनांचे विमान जात होते. मग हे दोन तास आले कोठून?

दोरा आणि पृथ्वीगोल

प्रथम 'लघुतम अंतर' म्हणजे काय ते निश्चित करणे इष्ट होईल. भिंतीवरील जगाच्या नकाशावर दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणारी सरळ रेषा पट्टीने ओढली, तर ती जवळजवळ आडवी जाते. चीन, जपानचा परिसर व पॅसिफिक महासागर यांवरून. हे दोन बिंदू उत्तर गोलार्धात साधारण सारख्याच उंचीवर असल्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. नकाशा मर्केटरने १५६९ मध्ये योजलेल्या पद्धतीचा असेल, तर या रेषेवरून जाणाऱ्याची दिशा सतत एकच राहते. पूर्वीच्या नाविकांस हा फार मोठा लाभ वाटे, कारण होकायंत्राचा काटा एका खुणेवर धरून ठेवला की काम भागत असे. पण या रेषेवरील अंतर मोजले तर ते जवळजवळ १५,००० किलोमीटर भरते.

आता शाळेच्या कपाटातील पृथ्वीगोल काढावा. (बहुतेक गोलांवर उत्तर ध्रुवाच्या भोवती धूळ साचलेली असते, कारण त्या भागाकडे कोणाचे बोट सहसा जात नाही. या प्रयोगात नेमका तोच भाग लागणार आहे.) एक दोरा घेऊन त्याचे एक टोक दिल्लीवर व दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरावे आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपण होऊन सर्वांत आखूड वाट शोधतो. तो जपानच्या बाजूस जात नाही. दिल्लीहून तो जवळजवळ सरळ उत्तरेस, किंचित पूर्वेकडे कलून निघतो. हिमालय व तिबेटचा पश्चिम भाग ओलांडतो. तकलामकानच्या वाळवंटावरून अल्ताई पर्वताकडे जातो. सायबेरिया पार करून आर्क्टिक महासागरावर सुमारे ७५ अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि मग अलास्काचे उत्तर टोक व कॅनडाचा पश्चिम भाग यांवरून खाली उतरतो. अमेरिकेस जाण्यासाठी पूर्वेस जावे की पश्चिमेस, असा प्रश्न आपण करतो. दोरा उत्तरेकडे बोट दाखवितो.

दोऱ्याने दाखविलेली ही रेषा पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने पृष्ठभागावर कापलेल्या वर्तुळाचा भाग असते. त्या वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, सर्व रेखावृत्ते बृहद्वृत्तांचेच अर्धभाग आहेत. इतर अक्षवृत्ते मात्र तशी नाहीत, आणि म्हणूनच पूर्व-पश्चिम सरळ जाणारी वाट सामान्यतः सर्वांत जवळची नसते.

ज्यांस त्रिकोणमिती येते त्यांना दोऱ्याचीही गरज नाही. दिल्लीचा विमानतळ २८.५७ अंश उत्तर अक्षांशावर व ७७.१० अंश पूर्व रेखांशावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६२ अंश उत्तर अक्षांशावर व १२२.३८ अंश पश्चिम रेखांशावर. दोन रेखांशांची बेरीज १९९.४८ अंश होते. ती १८० अंशांहून अधिक असल्यामुळे ३६० मधून वजा करून १६०.५२ अंश हा अंतरकोन घ्यावयाचा. नियम असा : दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार करावा, दोन्ही अक्षांशांच्या कोज्यांचा गुणाकार करून त्यास रेखांशांतील फरकाच्या कोज्येने गुणावे, या दोहोंची बेरीज ही इष्ट कोनाची कोज्या होय. पहिला गुणाकार ०.२९१९ येतो. दुसरा, १६०.५२ अंशांची कोज्या ऋण असल्यामुळे, उणे ०.६५५८ येतो. बेरीज उणे ०.३६३९. ही ज्या कोनाची कोज्या आहे तो कोन १११.३४ अंशांचा. पृथ्वीच्या बृहद्वृत्ताचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर झाले सुमारे १२,३८० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे यात थोडा फरक पडतो, पण तो अर्ध्या टक्क्याच्या आतला असतो. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत सांगतात. कोनाच्या एका कलेस एक सागरी मैल, असा तो सोयीचा हिशेब आहे, म्हणजे १११.३४ ला ६० ने गुणले की सुमारे ६,६८० सागरी मैल हे उत्तर तत्काळ मिळते.

दोऱ्यावरून विमान का जात नाही

दोऱ्यास पर्वत अडवीत नाहीत, थंडी बाधत नाही आणि राज्यांच्या सीमाही दिसत नाहीत. विमानास या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवरील हवा इतकी विरळ असते की, विमानाच्या आत कृत्रिम रीतीने हवेचा दाब राखावा लागतो. हा दाब काही कारणाने नाहीसा झाला, तर प्रवाशांच्या डोक्यावरील मुखवट्यांतून प्राणवायू मिळतो. पण तो काही मिनिटेच पुरतो. तेवढ्या अवधीत वैमानिकाने विमान सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावे, असा संकेत आहे. तिबेटच्या पठारावर हे साधणार कसे? तेथील जमीनच सरासरीने चार किलोमीटरांहून उंच आहे. म्हणून एरवी शांत व निरभ्र दिसणाऱ्या या प्रदेशावरून दूर पल्ल्याची विमाने सहसा जात नाहीत, आणि गेल्यास खाली उतरण्याच्या वाटा आधी आखून ठेवूनच जातात.

उत्तरेच्या टोकास दुसरीच अडचण येते. जगभर पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंश सेल्सियसला गोठू लागते. अमेरिकेत प्रचलित असलेले जेट ए तर उणे ४० अंशांसच. ध्रुवप्रदेशावरील उंच हवा याहूनही थंड असू शकते. पंखांतील टाक्यांत असलेले इंधन तासन्‌तास या थंडीत राहून हळूहळू गार होत जाते. त्याच्या तपमानावर वैमानिकाचे लक्ष असावे लागते आणि प्रसंगी खालच्या, अधिक उबदार हवेत यावे लागते. शिवाय दोन एंजिनांच्या विमानास असे बंधन असते की, एक एंजिन बंद पडल्यास ठराविक वेळात गाठता येईल असा एखादा विमानतळ वाटेत सदैव असला पाहिजे. आर्क्टिक महासागराच्या काठी असे विमानतळ विरळा.

एवढे असूनही ही वाट अगदीच निरुपयोगी नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी एअर इंडियाचे विमान दिल्लीहून ध्रुवप्रदेशावरून सॅन फ्रान्सिस्कोस गेले. तिबेट टाळण्यासाठी ते प्रथम पश्चिमेच्या बाजूने मध्य आशियात शिरले आणि मग उत्तरेस वळले. दोरा जरासा वाकवून घेतला असता जी वाट होईल, ती ही.

राज्यांच्या सीमांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. परंतु त्या सीमा आकाशातही असतात हे ध्यानात ठेवले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांस दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला आणि अमेरिकेस निघालेल्या काही विमानांस इंधनासाठी युरोपात उतरणे भाग पडले. विमानतळ होते तेथेच होते, दोराही तेवढाच होता. वाट तेवढी लांबली.

नावेचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे, त्या दोन तासांकडे वळू.

अंकगणिताच्या पुस्तकात प्रवाहाबरोबर व प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेची उदाहरणे असतात. पुष्कळ विद्यार्थ्यांस ती कंटाळवाणी वाटतात. पण विमानाचे सारे गणित त्यांत आहे. विमान जमिनीवर धावत नाही. ते हवेत पोहते, आणि हवा स्वतः वाहत असते. त्याचे यंत्र त्यास हवेतून ताशी ९०० किलोमीटर नेते. हा झाला हवासापेक्ष वेग. पाठीमागून ताशी १०० किलोमीटरांचा वारा असेल, तर जमिनीवरील गावे ताशी १,००० किलोमीटर वेगाने मागे पडतात. समोरून असेल, तर ताशी ८०० किलोमीटर. हा भूसापेक्ष वेग होय, आणि प्रवाशाला पोचवितो तो हाच.

समजा, दोन गावे ९,००० किलोमीटर अंतरावर आहेत. वारा नसेल तर जाण्यास दहा तास व येण्यास दहा तास, एकूण वीस. वरीलप्रमाणे वारा असेल तर जाण्यास नऊ तास लागतील. येण्यास मात्र सव्वाअकरा. बेरीज सव्वावीस तास. वाऱ्याने जाताना जे दिले त्याहून अधिक येताना काढून घेतले. याचे कारण असे की, प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी. जाऊन-येऊन त्याच वाटेने प्रवास करणाऱ्याचा स्थिर वाऱ्यात नेहमी तोटाच होतो. ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

ज्या उंचीवर ही विमाने जातात, तेथे मध्य अक्षांशांत वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. उष्ण कटिबंधातील हवा तापून प्रसरण पावते व ध्रुवाकडील हवा थंड होऊन आकसते. त्यामुळे एकाच उंचीवर दक्षिणेकडे दाब जास्त व उत्तरेकडे कमी असा उतार निर्माण होतो. हवा उत्तरेकडे ओढली जाऊ लागते, पण पृथ्वीच्या परिभ्रमणामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे, वळते. जेथे तपमानातील फरक थोड्याच अंतरात एकवटलेला असतो तेथे हा वारा एका अरुंद पट्ट्यात अत्यंत वेगाने वाहतो. या पट्ट्यास जेट प्रवाह असे नाव आहे. हिवाळ्यात दक्षिण-उत्तर तपमानातील फरक वाढतो व प्रवाह बळावतो. जपानच्या आसपास त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरांवर जाणे ही त्या ऋतूत मोठीशी नवलाची गोष्ट नाही. उत्तर भारतावरही हिवाळ्यात असा एक प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेकडून वाहत असतो. पावसाळ्यात मात्र दक्षिण भारतावर फार उंचीवर याच्या उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह असतो. त्याचे वर्णन भारतीय हवामान खात्यातील शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले.

जपानवरील या वाऱ्याच्या शोधाची कथा मोठी चमत्कारिक आहे. ओइशी वासाबुरो या जपानी शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या काही वर्षांत तातेनो येथील वेधशाळेतून हवेत लहान फुगे सोडून उंचावरील वारे मोजले आणि १९२६ मध्ये आपले निष्कर्ष छापले. जगातील सर्व शास्त्रज्ञांस ते वाचता यावेत म्हणून त्याने ते एस्पेरांतो या नवनिर्मित जागतिक भाषेत लिहिले. परिणाम असा झाला की, ते फारसे कोणी वाचलेच नाहीत. १९४४ मध्ये अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने जपानवर उंचावरून जाऊ लागली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांस याच वाऱ्याने चकित केले.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्याचे गाव त्याच्यापुढे पळत असते व त्याला अधिक वेळ लागत असला पाहिजे, असे काही वाचकांस वाटते. पण विमान ज्या हवेत आहे ती हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. तसे नसते तर दिल्लीच्या अक्षांशावर सर्वांस ताशी सुमारे १,४६५ किलोमीटर वेगाचा वारा अखंड सोसावा लागला असता! परिभ्रमणाचा परिणाम घडतो तो वाऱ्याला वळण देण्यापुरता, आणि त्याचा लाभ उलट पूर्वेकडे जाणाऱ्यालाच मिळतो.

हा लाभ किती असू शकतो? फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळामुळे अटलांटिकवरील जेट प्रवाह विलक्षण प्रबळ झाला होता. तेव्हा न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. एरवी या प्रवासास साडेसहा तासांच्या आसपास लागतात. वाटेत त्याचा भूसापेक्ष वेग ताशी १,३०० किलोमीटरांवर गेला होता. त्या उंचीवरील थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. तरी विमानाने ध्वनीस मागे टाकले असे म्हणता येत नाही. ध्वनीही हवेतूनच जातो, आणि त्या हवेच्या मानाने विमानाचा वेग नेहमीइतकाच होता. अटलांटिकवरील विमानमार्ग याच कारणासाठी कायमचे आखलेले नसतात. वाऱ्याचा अंदाज पाहून ते दिवसातून दोनदा नव्याने ठरविले जातात.

दोन तासांचा उलगडा

आता २०१६ मधील आकडे पुन्हा पाहिल्यास त्यांत काहीच गूढ उरत नाही. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत, म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. यांतील ९०० यंत्राचे धरले, तर उरलेले दीडशे वाऱ्याचे. पश्चिमेकडील वाटेवर १४,००० किलोमीटरांस साडेसोळा तास धरले, तर वेग ताशी ८५० च्या आतबाहेर येतो. तेथे वारा पन्नासेक किलोमीटर काढून घेत होता. जमिनीवर मोजले असता पूर्वेची वाट लांब होती. विमानाने हवेतून कापलेले अंतर मोजले, तर ताशी ९०० ने साडेचौदा तासांत १३,०५० किलोमीटर आणि साडेसोळा तासांत १४,८५० किलोमीटर. हवेच्या हिशेबाने जवळची वाट पूर्वेचीच होती, आणि इंधन जळते ते या हिशेबाने.

इंधनाचा प्रश्न केवळ पैशाचा नव्हे. अशा दूरच्या उड्डाणास निघताना या विमानाच्या एकूण वजनाचा जवळजवळ दोन-पंचमांश भाग नुसत्या इंधनाचा असू शकतो. शेवटच्या तासात लागणारे इंधन आधीचे चौदा तास वाहून न्यावे लागते, आणि ते वाहण्यातही इंधन खर्च होते. वाट तासाभराने लांबली तर त्या तासाचे इंधन घेण्यासाठी प्रसंगी माल मागे ठेवावा लागतो, कधी आसनेही रिकामी ठेवावी लागतात.

परतीच्या प्रवासात हे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून पुन्हा पूर्वेकडेच, अमेरिका व अटलांटिक ओलांडून दिल्लीस येई. म्हणजे एका फेरीत ते पृथ्वीप्रदक्षिणा करीत असे. नावेच्या गणितात जाताना मिळालेला लाभ येताना गमवावा लागतो, कारण नदीला परतीची दुसरी वाट नसते. गोल पृथ्वीवर ती आहे. त्यामुळे वारा दोन्ही वेळा पाठीशी घेता येतो.

घड्याळ काय सांगते

प्रवाशाच्या मनगटावरील घड्याळ हा निराळाच विषय आहे. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोची वेळ भारतीय वेळेच्या साडेतेरा तास मागे असते. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा साडेबारा तास. समजा, हिवाळ्यात एका बुधवारी पहाटे चार वाजता विमान दिल्लीहून निघाले व साडेपंधरा तासांनी पोचले. दिल्लीत तेव्हा बुधवार संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. सॅन फ्रान्सिस्कोस मात्र बुधवारचीच सकाळ, सहा वाजलेले. साडेपंधरा तास गेले, पण घड्याळाच्या मते दोनच. पॅसिफिकमधील वाररेषा ओलांडताना वार एका दिवसाने मागे येतो, त्याचा हा परिणाम.

उलट प्रवासात हे कर्ज फेडावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू अशी सरळ सेवा सुरू केली. पहिल्या उड्डाणात चालककक्षातील सर्व वैमानिक स्त्रिया होत्या, कॅप्टन झोया अगरवाल या त्यांच्या प्रमुख होत्या, आणि सुमारे १४,००० किलोमीटरांची ती वाट उत्तर ध्रुवावरून गेली. विमान निघाले ९ तारखेच्या रात्री आणि बेंगळुरूस उतरले ११ तारखेच्या पहाटे. हवेत ते सुमारे सतरा तासच होते. १० जानेवारी हा दिवस त्यातील प्रवाशांस जेमतेम, तोही आकाशातच मिळाला.

वाचकांनी स्वतः करून पाहण्याजोगे एक उदाहरण येथे देऊन ठेवतो येण्यासारखे आहे, कारण त्यास ज्या-कोज्यांची गरज पडत नाही. सिंगापूरचा विमानतळ १.३६ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि न्यूयॉर्कचा ४०.६४ अंश उत्तर अक्षांशावर. त्यांचे रेखांश एकमेकांच्या जवळजवळ नेमके समोरासमोर, सुमारे १७८ अंशांच्या फरकाने येतात. म्हणून त्यांना जोडणारा दोरा जवळजवळ ध्रुवावरूनच जातो. दोन्ही अक्षांशांची बेरीज १८० मधून वजा करावी, बाकीस १११.२ ने गुणावे. उत्तर सुमारे १५,३५० किलोमीटर येईल. त्यानंतर पृथ्वीगोल हाती घेऊन, वारा पश्चिमेकडून आहे असे धरून, सिंगापूरहून निघालेल्या वैमानिकाने कोणत्या महासागरावरून जावे ते ठरवावे.